भाकरीचा शब्द

"कुनी विचारलं तं निर्वासित म्हन गो. लाजू नको. शब्द तोंडातून निघाला का हातावर भाकर येते."

ठमाबाई हे सांगत होती तेव्हा सासू-सुना दोघी पेणेतल्या एका शाळेच्या ओसरीवर ओल्या लुगड्यांनी बसल्या होत्या. सगुणाच्या हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. खाडीकाठच्या चिंचखारच्या बांधाला आषाढातल्या उधाणात खांड पडली, बांध फुटला. सकाळी ती माणूस आडवा झोपला तर बुजेल एवढी होती. पण चिंचखारमध्ये ज्याच्या त्याच्या वाट्याला बांधाचा तुकडा ठरलेला असे, आणि खांड पडली ती मुंबईला निघून गेलेल्या एका घराच्या वाट्यावर. दुसऱ्याच्या वाट्यावर आपण चिखल का टाकायचा म्हणून माणसं टोपल्या हातात धरून उभी राहिली. पुढच्या भरतीला खारं पाणी भातात आलं, मग अंगणात, मग चुलीत. गाव उठलं ते परत बसलं नाही.

सगुणाने तो शब्द पहिल्यांदा मान खाली घालून उच्चारला. कोण कुठली बाई, तिने तांदळाची भाकर आणि वर सुकटीची चटणी हातावर ठेवली. नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. त्या दिवशी सगुणाने मनात धरलं की कधी काळी आपली चूल पेटली तर तव्यावरची पहिली भाकर घराबाहेरच्या माणसाची. ती त्याने खाल्ल्याशिवाय आपण तोंडात घास घालायचा नाही.

चूल पेटली. हमरापूरच्या कडेला गायरानात सरकारने जागा दिली, चिंचखारची माणसं तिथे पत्रे टाकून राहिली, आणि गावाने त्या वस्तीला नाव दिलं निर्वासित आळी. आधी ते टोचायचं. लग्नं जमताना टोचायचं, विहिरीवर टोचायचं. मग सवय झाली. पुढे आळीने गणपती बसवायला मंडळ काढलं तेव्हा पाटीवर तेच नाव रंगवून घेतलं. एस्टीचा कंडक्टर निर्वासित आळी म्हणून हाक द्यायचा आणि बायका पिशव्या सावरत उठायच्या. ठमाबाई गेली. तिच्या देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण सगुणाकडे आला, आणि तिचा शब्दही.

आता घरामागे मुलाचा, प्रणितचा, गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे लांब शेड, वर निळं प्लास्टिक, आत फळ्यांवर ओळीने कच्च्या मूर्ती. आषाढात त्या सुकता सुकत नाहीत. प्रणित मोठे दिवे लावून ठेवतो आणि दिवसातून दहा वेळा मूर्तीच्या पाठीला गाल लावून बघतो. थंड लागली तर ओल आहे. सगुणाचा नवरा पुंडलिक अर्धं आयुष्य मिठागरात राबलेला, त्याच्या तळपायांच्या भेगा उन्हाळ्यातही मिटत नाहीत. तो बाजूला बसून सोंडा जोडतो आणि फारसं बोलत नाही. सून दिपिका आखणी करते, म्हणजे डोळे काढते. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

आणि घासकामाला तोजू.

त्याचं नाव तोजाम्मेल शेख. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून पहिल्याच दिवशी तोजू झालं. बंगालातल्या मालदा जिल्ह्याचा, वय तिशीच्या पुढे, हाडकुळा, एका कानाने थोडा कमी ऐकणारा. एका मुकादमाबरोबर आला होता. मुकादम निघून गेला, हा राहिला. काम चांगलं म्हणावं तर तसंही नव्हतं. पॉलिश पेपरने घासताना भलतीकडे बघायचा, आणि एकदा एका गणपतीच्या कानाची कड झिजवून टाकली तेव्हा प्रणितने त्याला चार शिव्या दिल्या. संध्याकाळी भुवयांपासून पायापर्यंत पांढरा होऊन शेडबाहेर यायचा. आळीतल्या बायका म्हणायच्या, "बघा गो, गनपतीला पाय फुटले." तो हसायचा. दात तेवढे पिवळे दिसायचे.

पहिल्या पावसाळ्यात एकदा सगुणाने त्याला घरचं विचारलं. मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या मराठीत त्याने सांगितलं की गंगा त्यांच्याकडे फार मोठी आहे आणि दर वर्षी काठ खाते. आधी शेत खाल्लं, मग शाळा, मग मशीद, मग त्याचं घर. भिंत पडली तेव्हा चुलीवर भात होता. गाव नदीच्या पलीकडच्या काठाला होतं. आता बायको आणि दोन मुली अलीकडे, मामाच्या पडवीत.

सगुणा पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजी तू पन निर्वासित," ती म्हणाली.

त्याने शब्द तोंडात घोळवला. त्यांच्याकडेही हा शब्द आहे म्हणाला, ज्याला घरातून हाकललं त्याला म्हणतात. "हां काकी. निर्बासित." त्याच्या भाषेत व नाही.

तेव्हापासून पहिली भाकर तोजूची. सकाळी तुळशीला पाणी, देवाला फूल, मग तवा. पहिली भाकर फुगली की ती केळीच्या पानावर घेऊन मागच्या दाराशी जायची, तो हात धुऊन उभा असायचा. एकादशीला सगुणाचा उपास असे, त्या दिवशीही एक भाकर होतच असे. आळीतल्या एका दोघींनी नाक मुरडलं, कारखान्यात गणपती आणि हाताला मुसलमान. सगुणा कधी आवाज चढवत नाही. ती म्हणाली की उपाशी हाताने घासलेली मूर्ती देवाला तरी कशी चालंल, आणि भाकर घेऊन निघून गेली.

यंदा आषाढात पाऊस उघडीप देईना. त्यात तालुक्यात बाहेरच्या माणसांची तपासणी निघाली. पोलीस ठाण्याची गाडी कारखान्या-कारखान्यांतून फिरू लागली.

दुपारची जेवणं झाल्यावर ते आले. एक हवालदार आणि एक तरुण साहेब. साहेब आवाजाने मऊ होता, चपला बाहेर काढून शेडमध्ये शिरला आणि देवांकडे बघून हात जोडले. मग विचारपूस सुरू झाली. प्रणितचा चेहरा उतरला. कामावर माणूस ठेवला की ठाण्यात नाव कळवायचं असतं. हंगामाच्या धांदलीत ते राहून गेलं होतं, मागच्या वर्षीही राहून गेलं होतं. तोजूने पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. साहेबाने ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, हे हल्ली कुणीही करून घेतं.

सगुणा दारात उभी होती. तिला वाटलं, आता आपण दोन शब्द टाकले पाहिजेत. एवढ्या वर्षांत जो शब्द कधी वाया गेला नाही तो तिच्या तोंडात आपोआप आला. ती हात जोडून पुढे झाली.

"साहेब, गरीब हाय तो. नदीच्या पल्याडचं गाव त्याचं, ते गेलं. मंग बायकापोरं घेऊन अल्याड आला. निर्वासित हाय बिचारा. आमच्यासारकाच."

साहेबाने मान वर केली. "पलीकडून अलीकडे आला?"

"व्हय."

साहेब तोजूकडे वळला. "काय रे? निर्वासित आहेस तू?"

तोजूने काकीकडे पाहिलं. काकीच्या तोंडावर माया होती. त्याच्या पांढऱ्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

"हां साब. निर्बासित."

साहेबाने हवालदाराला लिहून घ्यायला सांगितलं. दोन प्रश्न विचारून सोडतो म्हणाला. तोजूला हातपाय धुवायलाही दिले नाहीत. तो तसाच, प्लास्टरने माखलेला गाडीत चढला, आणि आळीतल्या बायका दारांत उभ्या राहिल्या. आज कोणी पाय फुटलेल्या गणपतीचं बोललं नाही. सगुणा गाडीच्या जाळीपाशी गेली.

"घाबरू नको. उद्या भाकर घेऊन येते," ती म्हणाली. "काय विचारतील ते मी सांगते त्यांना."

"आओगी ना काकी?"

"माझी पहिली भाकर हाय. ती मोडते व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी प्रणितने तिला जाऊ दिलं नाही. मी जातो, मला बोलता येतं म्हणाला. भाकर फडक्यात बांधून त्याच्याकडे दिली. तो दिवसभर आला नाही. तिन्हीसांजेला आला तेव्हा मोटारसायकल अंगणात आडवी टाकून दिली आणि हंड्यातून पाणी घेऊन डोक्यावर ओतलं. भाकरीचं फडकं तसंच हँडलला होतं. तिकडे ठाण्यात त्यालाच बाकावर बसवून ठेवलं होतं, मग उभं केलं, मग पुन्हा बसवलं. ज्याच्या हाताखालून गाड्या भरून गणपती बाहेरगावी जातात त्याला एका शिपायाने चहाचे कप उचलायला सांगितले, आणि त्याने उचलले. तोजूला तिथून हलवलं होतं. रोह्याच्या बाजूला एका बंद पडलेल्या वसतिगृहात अशी माणसं ठेवली आहेत, एवढंच कळलं.

"त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय म्हनतात, निर्वासित हाय म्हनून. आन् घरच्या म्हातारीनं पन सांगितलंय म्हनतात." प्रणितने केस पिळले. तो आईकडे बघत नव्हता. "काय गरज व्हती तुला मधी बोलायची?"

सगुणाला त्यातलं काहीच उमगेना. शब्दात काय वाईट होतं? तिने ती शिळी भाकर उलगडली. व्रत मोडू नये म्हणून ती बाहेरच्या कुणालातरी द्यायला हवी होती. आदिवासी वाडीवरची कमळी चिंबोऱ्या विकून परत चालली होती, तिला हाक मारली. कमळी उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली, भाकर मोडली आणि सगळी कहाणी ऐकून घेतली.

"तुमाला बरं बाय, नाव तरी हाय," कमळी म्हणाली. "आमी हितलंच. आज्याचा आजा हितलाच. दर साल इटांच्या भट्टीवर जातो, परत येतो तं खोपट नाय ऱ्हात जाग्यावर. आमाला कुनी निर्वासित म्हनत नाय. म्हनलं असतं तं एकांदी पाटी आमी पन लावली असती." तिने तुकडा तोंडात टाकला. "सुक्की झाली भाकर. त्याचीच व्हती काय?"

सगुणाने होकार दिला. कमळीने उरलेली अर्धी फडक्यावर परत ठेवली आणि टोपली उचलून निघून गेली.

त्या दिवशी सगुणा जेवली नाही. अर्धी भाकर खाल्लेली म्हणायची की नाही, हे तिला ठरवता आलं नाही.

कारखान्यातले दुसरे दोन परप्रांतीय कामगार न सांगता निघून गेले. घासकाम तसंच पडलं. सगुणा स्वतः पॉलिश पेपर घेऊन बसली. पहिल्या दिवशी बोटांची टोकं सोलली, दुसऱ्या दिवशी तिथे पाणी लागलं की झोंबू लागलं. धूळ नाकातून घशात उतरायची आणि नामस्मरण करायला ओठ हलवले की जिभेवर चुना लागल्यासारखं व्हायचं. एका मूर्तीच्या पोटावर तोजूने घासायचं अर्धवट सोडलं होतं. एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. ती मूर्ती ती रोज मागे सरकवून ठेवायची. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि ओल भिंतींतून वर चढत होती. तोजूच्या बायकोचा फोन प्रणितच्या मोबाइलवर आला. प्रणितने उचलला नाही. पुन्हा आला तेव्हा दिपिकाने तो सासूच्या कानाला लावला. पलीकडून बाई भराभर बोलत होती, सगुणाला एक शब्द कळला नाही. मध्येच एक पोरगी म्हणाली, "काकी?" बहुतेक बापाने शिकवलेला तेवढाच शब्द. सगुणा म्हणाली, व्हय.

रविवारी नमिता आली. ती सगुणाच्या बहिणीची मुलगी, रोह्याला एका वकिलाकडे काम शिकते. पावसात भिजलेली ओढणी दोरीवर टाकून ती चुलीपाशी बसली. दिपिकाने तिला फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि ती वकिलाबरोबर वसतिगृहात जाऊन तोजूला भेटून आली होती.

तिने सांगितलं ते असं. एका खोलीत तिघे आहेत. एक ब्रह्मदेशातून पळालेला, त्याचं घर जाळलं, भाऊ मारला. त्याने दिल्लीच्या एका कार्यालयात आसरा मागितलाय, त्याचं कार्ड आहे, पण ते मागणाऱ्याचं कार्ड, मिळालेल्याचं नव्हे, आणि त्याचीही मुदत संपली. दुसरा खरोखरच बांगलादेशातून कामासाठी आलाय आणि तसं कबूल करतो. म्हणतो, तिकडे मजुरी नव्हती. तिसरा तोजू. तिघांना एकाच ताटलीतून खिचडी आणि एकाच नावाने हाक.

"मावशी, तू त्यांना काय म्हणालीस ते मला शब्दाला शब्द सांग."

सगुणाने सांगितलं.

"निर्वासित कुणाला म्हणतात ठाऊक आहे? जीव घेतील म्हणून जो आपला देश सोडून दुसऱ्या देशात पळाला, आणि त्या देशानं ज्याला मानलं, तो. तो ब्रह्मदेशवाला आहे ना, तो अजून तेवढाही नाही. तो दारात उभा राहून मागतोय, आत घ्या म्हणून. पोटासाठी सरहद्द ओलांडून आला तो आणखी वेगळा प्रकार. आणि तोजू ह्यातला कुणीच नाही गं. मालदा आपल्याच देशात आहे. तो रोह्याहून पेणेला कामाला यावं तसा आलाय. लांबून आलाय एवढंच."

"नदीनं घर नेलं ना पन त्याचं?"

"नदी त्याच्याच देशातली आहे."

"पल्याडनं अल्याड..."

"तू काठ म्हणालीस. त्यांनी सरहद्द ऐकली."

सगुणाने पदराने तोंड पुसलं. पुसायला काही नव्हतं. "मंग आमी कोन व्हतो?"

"तुम्ही विस्थापित."

"माझी सासू तं निर्वासित म्हनायची."

"चुकीचं होतं ते. पण तेव्हा त्या चुकीनं कुणाचं बिघडलं नाही मावशी. तुम्हाला कुणी परत कुठं धाडणार होतं? समुद्रात?"

पुंडलिक दाराशी बसून सोंडेचा साचा खरवडत होता. त्याची पटाशी थांबली, पुन्हा चालू झाली.

कार्डावरचा पत्ता तपासायला पोलिसांनी मालद्याला विचारलं होतं, नमिता म्हणाली, आणि तिकडून उत्तर आलं की ह्या नावाचं गाव आता जागेवर नाही. म्हणजे कार्ड खोटं, असं इथे धरलं गेलं. गाव नदीत आहे हे कुणी लिहिलं नाही. तोजूला ती विचारून आली होती की निर्वासित का म्हणालास. तो म्हणाला, काकी म्हणाली म्हणून. मंगळवारी दुपारनंतर ह्या माणसांना तिथून पुढे हलवणार आहेत. एकदा सरहद्दीकडच्या गाडीत बसवलं की मागून कागद धावत नाहीत. त्याआधी ज्या घरात तो राहत होता त्या घरच्या माणसाने रोह्याला येऊन साहेबासमोर सांगायला हवं की हा इतकी वर्षं आमच्याकडे कामाला आहे, आणि तो शब्द माझा, त्याचा अर्थ असा नव्हता.

"मी येते," सगुणा म्हणाली.

"आई."

प्रणित शेडच्या दारात उभा होता. हाताला सोनेरी रंग लागलेला. तो आत आला नाही. भिंतीला टेकून हळूहळू बोलत राहिला. त्या दिवशी बाकावर बसवलं तेव्हा साहेबाने विचारलं होतं, किती दिवसांपासून आहे हा माणूस. इतके दिवस कळवलं नाही तर गुन्हा तुझ्यावर, कारखान्याला टाळं. मूर्ती ओल्या, गाड्या ठरलेल्या. तेव्हा प्रणित म्हणाला, तीनच दिवस झाले, मला नीट ओळखही नाही. आणि सही केली.

चुलीत लाकूड मोडलं. दिपिका पोटावर हात ठेवून उभी होती. तिला चौथा महिना होता.

"तू जाऊन दोन वर्सं सांगितलीस तं मी खोटा," प्रणित म्हणाला. "आत मलाच घेतील. मंग घाल गो रोज भाकरी, कुनाला घालायच्या त्या."

वकिलाला विचारून बघते, वाचवायचा मार्ग असेल, पण खात्री देता येत नाही, एवढंच नमिता जाताना म्हणाली. सगुणाने तिच्या पिशवीत भोपळा घातला. मंगळवारी सकाळच्या गाडीने ये, मी रोह्याला स्टेशनवर उभी असेन, असं नमिता फाटकाशी कुजबुजली.

सोमवार घासण्यात गेला. मायलेकरं एकाच शेडमध्ये, एकमेकांकडे पाठ करून. दुपारी प्रणितने दुकानातून आणलेली मलमाची नळी तिच्या शेजारी ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. तिने ती बोटांना लावली. लहानपणी ह्याच पोराला गोवर निघाला होता तेव्हा तिने संकष्टी धरली ती अजून सोडलेली नाही. देवाकडे ह्याच्यासाठी एवढं मागितलं, आता दुसऱ्यासाठी ह्याच्याविरुद्ध बोलायचं? बाळकृष्णासमोर ती दिवा लावून बसली, पण मागायचं काय तेच सुचेना. शेवटी नुसती बसून राहिली. वात तेलात वाकली तेव्हा तिने ती सरळ केली.

पुंडलिक मागे येऊन उभा होता. त्याला गुडघ्यांमुळे खाली बसवत नव्हतं.

"खांड पडली त्या सकाळी मी पन टोपली घेऊन उभा व्हतो," तो म्हणाला. "आपल्या वाट्याची नव्हती."

सगुणाने मागे वळून बघितलं नाही.

"ही आपल्याच वाट्याची हाय," पुंडलिकच पुढे म्हणाला.

मंगळवारी पाऊस थोडा ओसरला होता. तिने तुळशीला पाणी घातलं, देवाला जास्वंद वाहिली, तवा ठेवला. पीठ थापताना सोललेल्या बोटांना उकड भाजली. पहिली भाकर फुगली. तिच्यावर सुकटीची चटणी ठेवून केळीच्या पानात बांधली, वर फडकं. मग घरच्यांच्या भाकऱ्या केल्या, दिपिकाची थोडी जाड, तिला तशी आवडते. प्रणितची ताटात वाढून त्यावर ताट झाकलं.

इरकली लुगडं नेसली. आरशापुढे उभी राहून नमिताने शिकवलेलं वाक्य पुटपुटली. निर्वासित हा शब्द पुन्हा पुन्हा जिभेवर येत होता, जसा पाय अंधारात जुन्या घराच्या उंबऱ्याला अडखळतो. ती तो मागे ढकलत होती. कामाला आलेला मानूस हाय. आमच्याच देशातला. मी म्हनले ते माझं चुकलं.

शेडमध्ये प्रणित शिडीवर चढून मोठ्या मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी देत होता. तिने दारातून आत बघितलं. तो अर्धवट घासलेला गणपती कुणीतरी पुढे काढून ठेवला होता, आणि त्याची खरखरीत बाजू आता गुळगुळीत झाली होती.

"निघालीस?" प्रणितने खाली न बघता विचारलं.

"भाकर द्यायची हाय."

तो ब्रश भरत राहिला. रंगाचा एक थेंब मूर्तीच्या खांद्यावर पडला, त्याने तो अंगठ्याने पुसला. "खाली निसरडं झालंय," म्हणाला. "कडंकडंनं जा."

पुंडलिकने छत्री उघडून दिली. ती घेऊन सगुणा आळीतून निघाली. मंडळाच्या पाटीखाली चिखल होता, तो चुकवून ती स्टेशनच्या वाटेला लागली. फडक्यातली भाकर पोटाशी धरली होती, ती अजून गरम होती. रोह्याला पोचेपर्यंत ती तशी राहणार नव्हती. ती थोडं भराभर चालू लागली.